तोंड बंद केलेला एरर

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. डोळ्यांच्या दवाखान्यात घरबसल्या नंबर लावता यावा म्हणून ती प्रोग्राम लिहीत होती, आणि एका एररने तिला जेरीस आणलं होतं. ‘तारीख वाचता येत नाही.’ एक ओळ सुधारली की तोच एरर दुसऱ्या ओळीवर. खाली लाल अक्षरांचं लांबलचक पाल्हाळ. ते वाचणं तिने केव्हाच सोडलं होतं.

“झालं का, ताई? दवाखानेवाले माझं डोकं खातायत,” साहेबांनी दारातूनच विचारलं.

“झालंच,” म्हणत तिने दोन ओळी लिहून एररचं तोंडच बंद केलं. तारीख वाचता आली नाही, तर प्रोग्रामने गुपचूप पुढे जायचं. पडदा स्वच्छ. साहेब खूश. पुढे कधीतरी नीट बघू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

एका रविवारी ती मावशीकडे गेली, तर मावशीचा डावा डोळा लालबुंद.

“दवाखान्यात नाही गेलीस?”

“गेले होते की! फोनवरून नंबर लावून गेले, तर खिडकीतली मुलगी म्हणते, तुमचं नावच नाही. मागे ही रांग. कुणीतरी हसलंसुद्धा. मला मेलीला जमतच नाही गं हे फोनचं.”

“लाव बघू पुन्हा.”

मावशीने जन्मतारीख टाकली, शाळेत शिकली होती तशी, मध्ये रेघांऐवजी टिंबं देऊन. पडद्यावर ‘धन्यवाद’ उमटलं. ताईने आपल्या फोनवर दवाखान्याची यादी उघडली, तर त्यात मावशीचं नावच नव्हतं.

“मावशी, हे मी लिहिलंय. चूक दिसत होती, मी ती झाकली.”

“म्हणजे मी चुकले नव्हते?”

“नाही गं.”

“बरं झालं बाई! मला वाटलं, आता डोकंच चालेना माझं.”

मावशीने चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी ताई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. थेंबांवर भागलं, “आधी यायला हवं होतं,” एवढंच ते म्हणाले. मग ताईने साहेबांना सगळं सांगितलं आणि त्या दोन ओळी काढल्या. एरर परत आला. या वेळी तिने तो शेवटपर्यंत वाचला. कुठली तारीख, कुठलं टिंब, सगळं तळाशी लिहिलेलं होतं.

दवाखान्यात लावायच्या पाटीवर साहेबांना ‘तांत्रिक अडचण’ हवं होतं. ताई हटून बसली. ‘यादीत नाव नसलं तरी थांबा, चूक आमची आहे,’ असं तिने लिहवून घेतलं. पण खिडकीवरून जे आधीच परत गेले, त्यांची नावं प्रोग्रामने कुठेच ठेवली नव्हती.