नारेयोचं घर गाढवांवर

नारेयो माझी सवत. ती थोरली, मी धाकटी. मी लग्न होऊन आले तेव्हा घर बांधायला तिनेच शिकवलं. फांद्या कुठे वाकवायच्या, शेणमाती किती दाट कालवायची आणि नवऱ्याचं बोलणं किती मनावर घ्यायचं. शेवटचं मला लगेच जमलं.

घर बाईचं असतं. तीच बांधते, तीच मोडते, तीच गाढवांवर लादते. पुरुषाने त्याला हात लावला तर पोरीबाळी हसतात.

आम्ही गवतामागे फिरणारी माणसं. तरी चार वर्षं जागचे हललो नव्हतो, कारण गवतामागे फिरणारी माणसं बघायला पैसे देणारे पाहुणे येत आणि त्यांना आम्ही सापडायला हवे होतो. ते नारेयोच्या घरात शिरत, धुराने पाणावलेले डोळे पुसत आणि छान म्हणत. आमचा नवरा लेतिवा दाराशी तिवईवर बसे. फोटोत तो रुबाबदार दिसतो असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. तेव्हापासून तो वाकायचाच बंद झाला.

गुरं तरण्या पोरांनी केव्हाच लांब नेली होती. मागे राहिली नारेयोची पांढऱ्या पाठीची गाय, वासरू लहान म्हणून. तिच्या वाट्याची बाकी गुरं दुष्काळात गेली होती. आता हिलाही उठवेना. रोज सकाळी नारेयो शेपटी धरायची, मी शिंगं, आणि दोघी मिळून तिला उभी करायचो.

डोंगरापलीकडे पाऊस झाल्याचं कळलं तशी नारेयो नवऱ्याकडे गेली.

"अहो, उद्या निघू या."

"उद्या पाहुणे आहेत."

"गाय आता दोन दिवस काढायची नाही."

"पाहुणे गेल्यावर बघू."

"पाहुणे गवत घेऊन येतायत का?"

"तू फार बोलतेस," तो म्हणाला. ती वळली आणि गाढवांच्या दोऱ्या तपासायला लागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पुतण्या लोइशा पाहुण्यांना घेऊन आला. हे लोक एका जागी फार दिवस राहत नाहीत, असं तो नेहमीप्रमाणे सांगत होता, आणि नारेयोने छपरावरचं पहिलं कातडं ओढलं. आत दोन पाहुणे होते. त्यांनी उजेडाकडे बघून टाळ्या वाजवल्या.

"काकी, हे आज ठरलं नव्हतं!"

"बाजूला हो. तुझ्या बुटाखाली माझी दोरी आहे."

थोड्या वेळाने लेतिवा नुसत्या दाराशेजारी बसला होता. मग दारही गेलं. फांद्या गाढवांवर चढल्या. पाहुण्यांनी मनसोक्त फोटो काढले.

"जा! खुशाल जा!" लेतिवा उठला. "माझं दुसरं घर आहे." तिवई उचलून तो माझ्या घरात जाऊन बसला.

खरं सांगते, मला भीती वाटत होती. आमच्यात म्हाताऱ्या नवऱ्याने शाप दिला तर तो मुलांना लागतो. नारेयोने मला एका शब्दाने बोलावलं नाही. ती गायीकडे गेली आणि एकटीच शेपटी ओढायला लागली. गाय हलेना. नारेयोच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिथे तर आता धूरही नव्हता.

मी जाऊन शिंगं धरली. गाय उभी राहिली. मग मी परत आले आणि माझ्या छपराचं कातडं ओढलं.

"अगं, ऊन लागतंय," आतून आवाज आला.

"हो. आणि तिवई तुमची तुम्ही घ्या. गाढवांवर जागा नाही."

तो बराच वेळ तसाच बसून राहिला. पाहुणे गेले, लोइशा गेला. आम्ही निघालो तेव्हा तो काखेत तिवई घेऊन मागून येत होता, अंतर ठेवून, आपला वेगळाच कुठेतरी निघाल्यासारखा.

डोंगराच्या चढावर गाय पुन्हा बसली. मी शिंगं धरली. पुढे गेलेली नारेयो गाढवं थांबवून मागे येईपर्यंत लेतिवाने तिवई खाली ठेवली होती आणि वाकून शेपटी धरली होती.