लेबलावरचे हरवलेले टिंब आणि मुकादम सर

इसाक मुकादम सरांची आणि माझी पहिली भेट पेणला, रामवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात झाली. आखाती देशातली नोकरी सोडून ते नुकतेच परतले होते. मी जोह्याहून एसटीने मुलाखतीला आले होते. नखांत मूर्तीच्या कारखान्यातला रंग तसाच होता. सरांनी माझे कागद बाजूला ठेवून विचारले, "तुमच्याकडे मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कोण करतं गो?"

"मीच."

"मग सोमवारपासून ये."

आज सर साठ वर्षांचे होत आहेत आणि मी अजून त्यांच्याच ऑफिसात आहे.

आमचा प्रोग्रॅम लहान दवाखान्यांसाठी औषधांची लेबले मराठीत छापतो. छपाईसाठी परदेशातल्या काही मंडळींनी लिहिलेली, मोफत मिळणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आम्ही आमच्या कोडबरोबरच ठेवली होती. ती जुनी झाली होती, तिच्यात सुरक्षेची त्रुटीही सापडली होती. नवी आवृत्ती बसवण्याचे काम सरांनी माझ्यावर सोपवले. जुने फोल्डर काढले, नवे ठेवले, संगणकावरच्या चाचण्या पार पडल्या. मी लगेच नवा प्रोग्रॅम सगळ्या दवाखान्यांना पाठवणार होते.

"नाय," सर म्हणाले. "आधी रोह्याला जाऊ. कागदावर बघू."

रोह्याच्या बालरुग्णालयात डॉक्टर मॅडमसमोर आम्ही जुनी-नवी लेबले शेजारी ठेवून तपासू लागलो. तापाच्या औषधाशी माझे बोट थांबले. जुन्यावर '२.५ मिली', नव्यावर '२५ मिली'. मधले टिंब गायब. तान्ह्या बाळाला दहापट औषध! मी दोन्ही लेबले मॅडमपुढे सरकवली.

"हे कोणी केलं?" मॅडमनी विचारले.

मी तोंड उघडण्याआधी सर उभे राहिले. "मी केलं, मॅडम."

मराठी आकड्यांतले टिंब टिकावे म्हणून जुन्या लायब्ररीतली एक ओळ सरांनीच पूर्वी बदलली होती आणि तशी नोंद करायची राहून गेली होती. नव्या आवृत्तीबरोबर ती ओळ गेली. "हिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं," ते म्हणाले. गिऱ्हाईक समोर असताना हाताखालच्या माणसासाठी असे बोलणारे वरिष्ठ मी तोवर पाहिले नव्हते.

पेणला येऊन ती ओळ पुन्हा घालणे दहा मिनिटांचे काम होते. सरांनी ते करू दिले नाही. "दुसऱ्याच्या कोडात परत गुपचूप हात घालायचा नाय. त्यांना कळव, तिथंच दुरुस्त होऊ दे." माझे इंग्रजी बेताचे, पत्र दोघांनी मिळून लिहिले, पण खाली त्यांनी फक्त माझे नाव घालायला लावले. काही आठवड्यांनी त्या मंडळींनी आमची दुरुस्ती स्वीकारली आणि पुढच्या आवृत्तीच्या आभारयादीत माझे नाव छापले. ती आवृत्ती आम्ही जशीच्या तशी बसवली, रोह्याला पुन्हा एकेक कागद तपासला, आणि मगच मॅडमनी होकार दिला.

ऑफिसात आता नऊ जण आहेत. कोणाचे काही चुकले की तो स्वतःहून सरांच्या टेबलाशी जातो. लपवायची गरज त्याला वाटत नाही. सर, तुम्हाला उदंड आयुष्य आणि धडधाकट तब्येत लाभो. तुमच्यासमोर खुर्ची ओढून "सर, माझं चुकलं" असे निर्धास्तपणे सांगण्याचे सुख आम्हाला अजून खूप वर्षे मिळो.