चाकाखालचं घोंगडं

जीप विकायची म्हणून मुलानं काल सीटखालचं घोंगडं झटकलं, आणि कोल्हापुरातल्या आमच्या अंगणात जैसलमेरची पिवळी वाळू सांडली.

मुलगा लहान असताना तिथल्या वाळवंटातला एक ओसाड किल्ला बघायला आम्ही घरची सगळी याच जीपनं गेलतो. गाडी दीर चालवत होते. चाकं रुतली तसा त्यांनी रेस वाढवली आणि जीप आणखीच खाली बसली. गरम डिझेलचा वास नाकात भरला. मी शिरोळची. पुराच्या चिखलात गाडी अडकली की आम्ही चाकाखाली उसाचा पाला घालतो. इथं पाला कुठला? मी सासऱ्यांचं घोंगडं चाकांखाली अंथरलं.

"भावजी, उतरा."

"वहिनी, हे बायकांचं काम न्हाय."

"मग बाप्यांचं करा की. मागनं ढकला."

मी स्टिअरिंगवर बसले, फोर-व्हीलचा गिअर टाकून हळूहळू क्लच सोडला. घोंगडं करकरलं, जीप वर आली. किल्ल्यापर्यंत मीच चालवली. तेव्हा वाटलं, नुसती गाडी काढली. पण त्यानंतर स्टिअरिंगवर बसताना मी कुणाला विचारलं नाही.

"आई, या वयात कशाला जीप?" मुलगा म्हणाला. "गिऱ्हाईक येतंय आता."

मी घोंगडं उरल्या वाळूसकट परत सीटखाली सारलं आणि किल्ली फिरवली.

"त्याला सांग, आई गाडी घेऊन गेलीया."