न चाळलेल्या पिठाची आंबील

डोंगरकड्याहून, आमच्या गावाहून, वहिनी गेल्याचा निरोप आला, तेव्हा दुःखाच्याही आधी मनात समाधान उमटले आणि त्याची मला लाज वाटली. पंधराच दिवसांपूर्वी मी त्यांची माफी मागून आलो होतो. ती मागायला मला चाळीस वर्षे लागली...

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नुकताच डॉक्टर होऊन मी हिंगोलीत दवाखाना थाटला होता. थोरल्या भावाला, दादाला, हगवणीनंतर काही केल्या अन्न पचेना. मी गोळ्या बदलत राहिलो आणि पथ्य ठरवून दिले: साबुदाण्याची पेज, पांढरा भात, भाकरी केलीच तर पीठ वस्त्रगाळ करून. कोंडा आतड्याच्या अस्तराला ओरखडे काढतो, असे मी ठामपणे सांगितले होते. दादा खंगतच गेला. एका सकाळी न कळवता पोहोचलो, तर वहिनी त्याला न चाळलेल्या ज्वारीच्या पिठाची, ताकात रात्रभर आंबवून शिजवलेली आंबील पाजत होत्या.

"वहिनी, कोंडा काहून ठेवला यात?"

"चार महिने कोंडा गायीला घालून राहिले, भाऊजी. गाय तेवढी तकाकली. तुमचे दादा हायेत तसेच हायेत."

दादा खळखळून हसला. मला ते झोंबले. आईच्या आणि शेजारणींच्या देखत मी म्हणालो, "नवऱ्याच्या जिवावर उठलात तुम्ही!" आणि पातेले गोठ्यात नेऊन ओतले. वहिनी चुलीपुढचे सांडलेले पुसत राहिल्या.

दोन महिन्यांत दादा शेतात जाऊ लागला. गावाने श्रेय मला दिले. मग दादानेच हळूच सांगितले, "तू गेल्यावर रोज पाजली तिनं. तुझा दवाखाना नवा, लोक काय म्हणतील, म्हणून गप बसली." मीही गप्प बसलो. पुढे त्या घरी मी केवळ चहा घेऊन उठत असे.

आतड्याच्या आतून एक बुळबुळीत थर असतो. तिथल्या जंतूंना धान्याचा कोंडा मिळाला नाही, तर ते तो थरच कुरतडून खातात, असे अलीकडे वाचनात आले. एकट्या आंबिलीने दादा बरा झाला असे म्हणणार नाही. पण मी राखायला निघालेले अस्तर माझ्याच पथ्याने झिजत असावे.

त्या पंधरा दिवसांपूर्वीच्या भेटीत सुना-शेजारणींसमोर वहिनींना हे सांगितले. म्हणालो, "दादाला तुम्ही बरं केलंत. मी चुकलो."

"ते मला तव्हाच ठावं व्हतं," त्या हसल्या. "पण तुमी चहावरच उठायचे. वाटायचं, भाऊजींचा राग अजून गेला न्हाई."

राग नव्हता, शरम होती. मी आंबील मागितली. गुडघे धरत त्या स्वतः उठल्या, त्यांनी मला दोनदा वाढली.

वहिनींचे तेरावे झाल्यावर परवा गेलो, तर दादाने आंबील केली होती. भरपूर गुठळ्या. माझ्यापुढे वाटी सरकवत तो म्हणाला, "तिला सांगू नको."