तुळशीराम नानांचा ठसा

हेडफोन कानाला लावायच्या आधी तुळशीराम नाना टोपी काढून मांडीवर ठेवत आणि मला पंखा बंद करायला सांगत. जळगावच्या मे महिन्यातसुद्धा. मग डोळे मिटून बसत. आमच्या शेठजींच्या रेडिओच्या दुकानामागे पॉवर सप्लाय बनवायचा छोटा कारखाना होता. नाना तिथे टेस्टिंगला होते. मी नुकताच डिप्लोमा करून त्यांच्यावर सुपरवायझर म्हणून आलो होतो.

घरातली वीज हेलकावे खात येते. पॉवर सप्लायने ती सपाट करायची. जे हेलकावे उरतात त्याला रिपल म्हणतात, आणि कानात त्याची गुणगुण होते. मी मीटर लावून व्होल्ट पाही आणि पास म्हणे. नाना चौथी शिकलेले, साक्रीकडचे. ते आधी सप्लायवरचा भार वाढवायला एकेक करत सहा बल्ब जोडत, मग ऐकत. "भाऊ, मीटर कितलं शे ते सांगस, कसं शे ते सांगत नही," असं ते आपल्या अहिराणीत म्हणत; मीटर किती आहे ते सांगतो, कसं आहे ते नाही. माल पसंत पडला, तरच त्यावर स्वतःचा निळा ठसा उमटवत; त्याशिवाय माल बाहेर जात नसे.

एकदा धुळ्याच्या एका मूकबधिर शाळेची ऑर्डर आली. बाईंनी माइकवर बोलायचं आणि थोडंफार ऐकू येणाऱ्या मुलांनी हेडफोनवर ऐकायचं, अशा यंत्राचा सप्लाय. नानांनी तो नापास केला. "एक बल्बवर चांगला शे. बठ्ठा सहा लावले की गुणगुण करस." उरलेले हेलकावे गिळायला मोठा कपॅसिटर हवा होता, तो मुंबईहून यायला आठवडा लागणार होता. वर्गाचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं आणि शाळेचा माणूस दुकानात येऊन बसला होता. नाना जेवायला गेले. चौथी शिकलेल्या माणसाने मला अडवावं, हे मला सहन होत नव्हतं. मी त्यांच्या खणातून ठसा काढला आणि मारला.

दीड महिन्याने शाळेच्या बाई यंत्र घेऊन स्वतः आल्या. मुलं हेडफोन काढून टाकत होती. बाईंनी बाकीचे काढून एकच लावून पाहिला, तेव्हा आवाज स्वच्छ आला, एका बल्बवर आला होता तसाच. त्यांना वाटलं, मुलं हट्ट करताहेत. "एका मुलीचे हात धरून मी रोज तिला तो लावायला लावला," बाई म्हणाल्या. "ती रडायची. तिला सांगता येत नव्हतं हो." बोलताना त्या कोणाकडेच बघत नव्हत्या.

शेठजींनी सप्लाय उलटा केला. "नाना, ठसा कोणाचा?"

नानांनी ठशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी टेबलावरचे स्क्रू डबीत भरू लागलो. मी बोलेन असं त्यांना वाटलं असावं.

"ठसा मना शे, शेठजी." ठसा त्यांचाच होता; मारला होता मी.

शेठजींनी त्यांना टेस्टिंगवरून काढून तारा गुंडाळायला बसवलं. नाना मला पूर्वीसारखंच 'भाऊ' म्हणत. मीच त्यांच्या समोरून जायचं टाळू लागलो. पावसाळा संपायच्या आत ते नोकरी सोडून गावी निघून गेले. त्या दिवशी मी मुद्दाम जामनेरला काम काढलं.

पाचसहा वर्षांनी साक्रीच्या बाजारात ते अचानक भेटले. मिरच्यांच्या ढिगामागे बसले होते. उठून त्यांनी माझा हात धरला, चहा मागवला. सगळं सांगून टाकायचं मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "भाऊ, धुळ्याना त्या पोरे आते हेडफोन कानले लावतस का?"

"लावतात, नाना," मी म्हणालो.

त्यांना फार बरं वाटलं. मला काही ठाऊक नव्हतं. बदली सप्लाय पाठवल्यानंतर त्या शाळेची मी एकदाही चौकशी केली नव्हती.