चिमणीएवढा दम

माझे मित्र म्हणतात, तू तर चारचौघांत तोंड उघडत नाहीस, मग तुझ्याकडे एवढे किस्से येतात कुठून? मी म्हणतो, म्हणूनच येतात. गप्प बसणाऱ्याजवळ लोक बोलून जातात. यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात मी आयसीयूचा अटेंडंट आहे. शाळा नववीतच सुटली, इकडचं तिकडचं करत इथे लागलो. हसवणारे किस्से पुष्कळ साचलेत. पण सांगायला बसलो की एकाच बेडचे आठवतात.

*

त्या बेडवर देविदास होता. पांढरकवड्याकडचा ट्रक ड्रायव्हर. न्यूमोनियानं दोन्ही फुप्फुसं भरलेली. तिकडच्या छोट्या दवाखान्यानं घशात नळी टाकून दिली होती, पण अँब्युलन्समध्ये ना मशीन, ना स्टाफ. नळीला जोडलेली रबरी बॅग हातानं दाबत त्याला आणलं, ते त्याच्या मोठ्या भावानं, भाऊरावनं.

भाऊराव उतरला तेव्हा त्याची बोटं सरळ होत नव्हती. तरी छाती काढून म्हणाला, "पूरी ताकद लावली. एकही दम हलका नाही जाऊ देला!"

सिस्टरनं त्याला पाणी दिलं. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा.

आमच्या डॉक्टर मॅडमनं देविदासच्या सुजलेल्या मानेवर बोटं टेकवली. कातडीखाली मुरमुऱ्यासारखं कुरकुरत होतं. फुप्फुस फाटून हवा बाहेर आली होती. छातीत नळी टाकावी लागली.

*

व्हेंटिलेटर लागला आणि भाऊराव नाराज झाला. देविदासची छाती जेमतेम हलत होती.

"इतली मोठी मशीन, अन् दम चिमणीएवढा? हवा वाढवा न मॅडम!"

मॅडमनं त्याला बाकावर बसवून समजावलं. म्हणाल्या, समजा सगळं वावर पाण्यानं चिभडलं आहे, एकच वाफा कोरडा उरलाय. आता सगळ्या वावराचं पाणी त्या एका वाफ्यात सोडलं तर काय होईल?

"बांध फुटन," भाऊराव म्हणाला.

"म्हणून थोडं थोडं सोडतोय."

त्यानं बोटानं बाकावर वाफे आखून पाहिले. मग म्हणाला, "मंग बाकीच्या वावराले नाली काढा!"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, तेच तर जमत नाही भाऊ. ते शरीरालाच करावं लागतं. आपण फक्त उरलेला वाफा सांभाळायचा.

*

एकदा मोठाच गोंधळ झाला. मशीन एका दमात किती हवा देणार हे माणसाच्या उंचीवरून ठरतं, वजनावरून नाही. कारण पोट सुटलं म्हणून फुप्फुस वाढत नाही. देविदासची उंची नीट मोजायची राहिली होती. मॅडमनं सांगितलं म्हणून मी टेप घेऊन डोक्यापासून टाचेपर्यंत मोजायला लागलो. नेमका तेव्हाच भाऊराव आत आला.

झोपलेल्या माणसाला कोणी टेप कशाला लावतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

त्यानं माझ्या हातातली टेप ओढून घेतली. "तिरडीचं माप घेऊन राह्यला का बे? जित्ता हाय तो अजून!"

सिस्टरनं त्याला शांत केलं. नंतर तो माझ्याकडे आला, टेप परत दिली आणि खाली बघत विचारलं, "लंबा हाय न तो? माह्यापेक्षा लंबा हाय." मी हो म्हणालो.

*

देविदासच्या बायकोचं नाव शोभाबाई. त्यांच्या घरात भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, सून थेट बोलत नाही. डोक्यावरून पदर, मान खाली. भाऊरावही तिच्याकडे पाहत नसे. दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचे आणि मधे मी उभा!

"भाऊ, त्यायले म्हणा, चहा थंडा होऊन राह्यला."

शोभाबाईचं हे मला सांगणं भाऊरावला स्वच्छ ऐकू यायचं. तरी मी सांगेपर्यंत तो कपाला हात लावायचा नाही. मग माझ्याकडे बघून म्हणायचा, "तिले म्हणा, तिनंही घ्यावं."

एके दुपारी मी जेवायला गेलो. परत आलो तर डबा दोघांच्या मधे तसाच, झाकण लावलेला. शोभाबाई म्हणाली, "बरं झालं आले. त्यायले जेवाले सांगा."

सिस्टर मला चिडवायची, तुझा पगार वाढवायला सांगते, दुहेरी ड्युटी करतोस!

*

ऑक्सिजन पुन्हा घसरला तेव्हा मॅडमनं देविदासला पालथं झोपवायचं ठरवलं. फुप्फुसाचा पाठीकडचा दबलेला भाग त्यानं उघडतो. एकानं नळी धरायची, बाकीच्यांनी चादरीसकट उचलून उलटायचं. नळी निसटली तर संपलं. सगळे घामाघूम झालो, पण जमलं. आकडा हळूहळू वर आला.

भेटीच्या वेळी शोभाबाई आली आणि दारातच थबकली. आम्हाला वाटलं, घाबरली.

"घरी असेच झोपत," ती म्हणाली. "पालथे. म्या रोज रागावो. म्हणो, सीधे झोपा, छाती दुखन."

सिस्टर म्हणाली, "आता नका रागावू."

"नाही रागवत," ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरून चादर सारखी केली.

*

देविदास गेला, तो बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. उरलेला वाफाही गेला.

भाऊराव मॅडमसमोर उभा राहिला. इतक्या दिवसांत छातीतल्या नळीबद्दल त्यानं काही विचारलं नव्हतं. आता विचारलं, "मॅडम, म्या जास्त दाबली का बॅग?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दाबली नसती तर तो इथपर्यंत पोचलाच नसता."

"हे उत्तर नाही झालं," भाऊराव म्हणाला. मॅडमनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो गाडी बघायला खाली गेला.

शोभाबाई बेडजवळ उभी होती. भाऊराव जिना उतरल्याचा आवाज येईपर्यंत थांबली. मग सिस्टरला म्हणाली, "तिकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं मले शिकवलं होतं. बॅग अर्धीच दाबा, हळू दाबा, म्हणे. भासरे गाडी ठरवाले गेलते, तवा म्याच दाबून राह्यलती. मंग ते गाडीत बसले. हात पुढं केला, म्या बॅग सोडली अन् बाजूले बसली."

"मग सांगितलं का नाही, हळू दाबा म्हणून?"

शोभाबाईनं पदर कपाळावर ओढला.

"सांगाचंच होतं. पूरा रस्ता सांगाचं होतं. पण त्यायले काही सांगाचं असलं का म्या यायले सांगो," तिनं बेडकडे पाहिलं, "अन् हे त्यायले सांगत."