माझ्या मापाची पोलकी

शालनला जे सांगितलं नाही, ते दुसऱ्या कुणाला सांगायचा आपल्याला हक्क नाही — असं मी आजवर मानत आले. शालन म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला जाऊन आता वर्ष होत आलं. हक्क मिळाला असं अजूनही वाटत नाही. पण गप्प राहून मी कुणाचं काही राखते आहे, असंही आता वाटत नाही. म्हणून लिहिते. सावकाश लिहिते, कारण एकेका वाक्याशी हात थांबतो.

सुरुवात कुठून करू? माझ्या अंगापासूनच करावी लागेल.

मी लहानपणापासून जाड. आमच्या घरी पोलक्यांसाठी कापड दुकानातून येत नसे. आईच्या ओटीत जे खण येत, त्यांतूनच आम्हा दोघी बहिणींची पोलकी व्हायची. एका खणात एक पोलकं — असा खणाचा हिशेबच असतो. शालनचं त्यात व्हायचं, वर तिच्या बाहुलीसाठी चिंधी उरायची. माझं होत नसे. दुसऱ्या खणाचा तुकडा काढून बगलेखाली जोडावा लागे, आणि एका रंगाचे दोन खण ओटीत येतात कधी? त्यामुळे माझ्या बगलेत नेहमी वेगळाच रंग असायचा. लाल पोलक्याला हिरवा, निळ्याला पिवळा. आई रागवायची नाही. ट्रंक उघडून शेजारणीला नुसतं सांगायची, "हिला दोन लागतात."

शालन मात्र मला कधी हसली नाही. हे मला लिहायलाच हवं. वर्गातल्या एका मुलीने माझ्या बगलेतल्या तुकड्याकडे बोट दाखवलं, तेव्हा शालनने तिची वेणी धरून तिला पाणपोईपर्यंत ओढत नेलं होतं. माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि काडीसारखी!

पुढे मी साडी नेसू लागले आणि थोडी सुटले. साडीला माप नसतं. पदर पुढे घेतला की बगल झाकते. मुलींच्या शाळेत मराठी शिकवू लागले. लग्न झालं नाही; का, ते तुम्ही ओळखाल. शालनचं झालं आणि ती नवऱ्याबरोबर, अरविंदबरोबर, इंग्लंडला गेली. तेही आमच्या सोलापूरसारखं गिरण्यांचंच गाव होतं. "भोंगा इथंही होतो अक्का," तिने लिहिलं होतं, "पण ऐकून कुणी भात उतरवत नाही." वडील आधीच गेले होते. घरी आई आणि मी.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. शालनचं एक पत्र घरी न येता शाळेच्या पत्त्यावर आलं. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. घरी आलेलं प्रत्येक पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवायची. ते टाळण्यासाठी शालनने शाळेचा पत्ता घातला होता.

ते पत्र मला पाठ आहे. "अक्का, हसू नकोस. बाळंतपण झालं, मग ते आजारपण, आणि आता मी तुझ्याएवढी झाले आहे. इथे जाड बायकांचे कपडे दुकानाच्या पार मागे, उशांच्या अभ्र्यांशेजारी असतात. सगळं नायलॉन, सगळं तपकिरी. आमच्यासारख्यांनी रंग बघायचेच नाहीत! आणि इथल्या जाड बाया उंचही. त्यांच्या मापाचं घातलं की बाह्या माझ्या बोटांखाली लोंबतात, मी थोटी दिसते. नायलॉनने अंगावर पुरळ उठतं. साडीवर घालायला तर काहीच मिळत नाही. अरविंदचे शर्ट घालते. दिवाळीनंतर यायचं ठरतंय. चांगलं सुती कापड घेऊन मला चार पोलकी शिवून पाठव, तुझ्याच मापाची. स्टेशनवर सगळे येतील. अंगाला काचणारं काही घालून मला त्यांच्यापुढे उतरायचं नाही. आणि हे आईला सांगू नकोस. मला अशी बघून तिला धक्का बसेल."

पत्र वाचून मला काय वाटलं? खरं सांगायचं ठरवलंय, तर हेही सांगते — मला आनंद झाला. शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी उभी होते, आणि आनंद झाला. मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. आईला धक्का बसेल. कशाचा? ज्या अंगाने मी तीस-पस्तीस वर्षं आईच्या डोळ्यांसमोर वावरत होते, त्याचा? मी जे रोज उघड वागवत होते, तेच तिला आईपासून लपवावंसं वाटत होतं. कळू दे हिला एकदा, असं मनात आलं. हूक लागत नाही म्हणजे काय, ते कळू दे.

आणि मी कापड घेतलं. उत्तम घेतलं — चार रंगांचं, मऊ सुती. पैशांत कसूर केली नाही. मग घरी येऊन ट्रंकेतून शालनचं लग्नाआधीचं एक जुनं पोलकं काढलं. आमच्याकडे टेलरला अंगावरचं माप द्यायची रीत नव्हती. जुनं पोलकं मापाला द्यायचं, तो त्यावरून बेतायचा.

आमचे टेलर वयस्क होते, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी ते पोलकं पालथं करून पाहिलं. "ये तो छोटी बाई का है ना? फॉरेन में है वो?" मी हो म्हटलं. "अंदर माया रखूँ क्या बाई? आगे सैल करने को."

शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. अंग सुटलं तर शिवण उसवून तेवढं वाढवता येतं. इथे मला अजून थांबता आलं असतं. मापाची चूक झाली, असं स्वतःला समजावायला जागा तरी ठेवता आली असती. ठेवली का?

"नको," मी म्हटलं. "अंगाबरोबर हवीत."

ओळखीतला एक मुलगा तिकडे शिकायला चालला होता, त्याच्याबरोबर पुडकं पाठवलं. तिचं पत्र आलं, घरच्या पत्त्यावर, आईला वाचून दाखवण्याजोगं. "पोलकी मिळाली. छान बसली." आणि त्यानंतरच्या पत्रात — अरविंदला रजा मिळत नाही, यंदा येणं जमत नाही.

आईने शेंगाचटणी कुटून बरणी भरून ठेवली होती. शालनला न्यायला म्हणून एक चादर घेतली होती. ती चटणी आम्ही दोघींनी खाल्ली. आई वाट बघायची थांबली नाही. पुढच्या सुट्टीत येईल, मग त्याच्या पुढच्या. एकदा जेवताना म्हणाली, "तिला आता आपण गावंढळ वाटत असू का गं?"

मी म्हटलं, "असेल."

पुढच्या वर्षीच्या चैत्राच्या शेवटी आई गेली. तार केली. शालन दहाव्या दिवशी आली, एकटी. तेव्हा वैशाख लागला होता. सोलापूरचा वैशाख ज्याने सोसला आहे, त्याला मी काय सांगू? दुपारी दाराच्या कडीला हात लावता येत नाही. आणि शालन रिक्षातून उतरली ती साडीवर लोकरीचा स्वेटर घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून.

घरात बायका होत्या. माढ्याहून आलेली आमची मावशी तोंडाची फटकळ. "अगं, काढ की ते! मेंढरूबी या दिसांत लोकर उतरून देतंय," ती म्हणाली. बायका सुतकातही हसल्या. शालनही हसली. "सवय झालीय मावशी."

"कसली सवय? लई थंडीच्या देशातली झालीस व्हय गं आता?"

शालन आत गेली तशी दुसरी कुणी कुजबुजली, की ऐट बघा, आई गेली तरी फॉरेनचा स्वेटर काही सुटत नाही.

मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मोरीच्या दारात केस पुसायला तिने हात वर केले, तेव्हा स्वेटर वर सरकला आणि मी पाहिलं. आत मीच पाठवलेलं पोलकं होतं. दोन्ही बगलांपासून खालपर्यंत उसवलेलं, सेफ्टी पिनांनी कसंबसं धरलेलं. पिनांच्या मधल्या फटींत घामोळं लाल झालं होतं.

सुतकात नवं कापड शिवत नाहीत. वापरातलंच घालायचं. वापरातली, धुतलेली, माझ्या मापाची पोलकी माझ्या कपाटात घडी करून ठेवलेली होती. कपाट त्याच खोलीत होतं. ती त्याला पाठ टेकून बसायची आणि वर्तमानपत्राने वारा घ्यायची. ती मागणार नव्हती. मी द्यायला हवं होतं. नुसतं दार उघडायचं — पण ते उघडलं असतं तर माप चुकलं नव्हतं, मी जाणूनबुजून लहान शिवून घेतली होती, हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मी नाही उघडलं. तेरावं होईपर्यंत ती त्या स्वेटरात बसली.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघीच होतो. ती चहा गाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, तू ती पोलकी जुन्या मापाची पाठवलीस ना, तेव्हा आधी मी फार रडले. मग माझ्या लक्षात आलं. तुला तोंडाने सांगवलं नसेल. अशी येऊ नकोस, आईला सोसणार नाही, हेच तुला म्हणायचं होतं. बरं झालं. शेवटपर्यंत आईच्या डोळ्यांपुढे मी पहिल्यासारखीच राहिले. तू सांभाळून घेतलंस."

आता ते सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

आई जायच्या काही आठवडे आधीची गोष्ट. शालनचा नवा फोटो आला होता. आईने तो डोळ्यांशी अगदी जवळ धरला. "हिच्या फोटोत नुसतं तोंडच का असतं गं? मागं पण तसंच होतं." आई बराच वेळ फोटो धरून होती, मग एकदम हसली. "जाड झालीय ती. म्हणून येत न्हाय, लाजतीय. खुळी कुठली! तिला लिही अक्का — आई म्हणते, जशी असशील तशी ये. मला काय दिसतंय तरी? हात फिरवीन अंगावरनं, बास."

मला आई असं कधी म्हणाली नव्हती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या वेळी मनात तेच आलं, एवढंच खरं. मी हो म्हटलं. आणि लिहिलं नाही. आईने दोनदा विचारलं, लिहिलंस का? दोन्ही वेळा लिहिलं म्हणून सांगितलं. म्हणजे निरोप पोचूनही मुलगी आली नाही, असं समजून आई गेली.

शालन चहाचा कप पुढे करून उभी होती. आईचं ते वाक्य माझ्या तोंडात होतं. ते तिचंच होतं. एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर तिने तो स्वेटर तिथेच काढून फेकला असता असं मला वाटतं. पण मग तिने विचारलं असतं — मग ती पोलकी, अक्का?

मी कप घेतला. म्हटलं, "असू दे आता."

त्यानंतर ती दोनदा आली, आणखी जाड होऊन, धापा टाकत. दोन्ही वेळा माझ्याशी फार मायेने वागली. आईच्या फोटोसमोर उभी राहायची ती पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेऊन. मी बघत असे. दोन्ही वेळा मी बोलले नाही.

शालन गेल्यावर तिच्या मुलीचं पत्र आलं, मोडक्या मराठीत. आई नेहमी सांगायची, तुझ्या मावशीने मला एकदा फार सांभाळून घेतलं होतं — म्हणजे काय केलं होतं, असं तिने विचारलं होतं.

मी उत्तर लिहिलं. तुझी आई फार समजूतदार होती, लहानपणापासूनच, असं लिहिलं. प्रकृतीला जप म्हणून लिहिलं. पाकीट बंद करून टपालात टाकलं.